बंदिस्त जलाशयातील वाढती क्षारता व तिचे नियंत्रण : माणदेशातील जलसिंचनाच्या संदर्भात

सारांश

ज्या जलाशयात पाणी येते, परंतु ज्यातून ते केवळ बाष्परूपानेच बाहेर पडते, त्या जलाशयातील क्षारांचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढत जाते. लोणार सरोवरापासून मध्य आशियातील अरल समुद्रापर्यंत सर्वत्र हाच नियम दिसून येतो. प्रस्तुत लेखात या नियमाचे सोप्या गणिताच्या आधारे स्पष्टीकरण केले असून, क्षारता कमी करण्याच्या निरनिराळ्या मार्गांचा परामर्श घेतला आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील माणदेशात अलीकडच्या काळात कृष्णा खोऱ्याचे पाणी येऊ लागले आहे. या पाण्याबरोबर येणाऱ्या क्षारांच्या निर्गमनाचा विचार आजच होणे का आवश्यक आहे, याचे विवेचन करणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : क्षारता, बंदिस्त जलाशय, क्षारांचा ताळेबंद, निचरा, चोपण जमीन, माणदेश.

प्रस्तावना

माणगंगा नदी शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत, माण तालुक्यातील कुळकजाईच्या परिसरात उगम पावते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा प्रवास करून ती सरकोलीजवळ भीमेस मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश माणदेश या नावाने ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथील वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास असते, तर उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षभरात होणारे संभाव्य बाष्पीभवन पावसाच्या तिपटीहून अधिक असते. या एका विषमतेत माणदेशाच्या दारिद्र्याचा, स्थलांतराचा आणि मेंढपाळ जीवनाचा इतिहास सामावलेला आहे.

पाण्याच्या टंचाईविषयी या प्रदेशात विपुल लेखन झाले आहे व ते स्वाभाविक आहे. मात्र पाण्याबरोबर येणाऱ्या क्षारांचा विचार फारसा झालेला आढळत नाही. ज्या प्रदेशात पाणीच नाही, तेथे क्षारतेची चर्चा अनाठायी वाटणे साहजिक आहे. तथापि बाष्पीभवन जास्त आणि प्रवाह कमी अशा प्रदेशातच क्षारता वाढते, हा भूजलविज्ञानाचा मूलभूत सिद्धांत आहे. ज्या काळात पाणी येऊ लागले, त्याच काळात या प्रश्नाचा विचार झाला तर त्यावरील उपाय स्वस्त पडतो. उशीर झाल्यास तो अतिशय महाग ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१. बंदिस्त जलाशयात क्षार का साठतात हे स्पष्ट करणे.
२. क्षारता कमी करण्याच्या उपायांचे वर्गीकरण करून त्यांच्या मर्यादा दाखविणे.
३. देशविदेशातील सरोवरांच्या अनुभवांवरून निष्कर्ष काढणे.
४. माणदेशातील तलाव व सिंचित जमिनी यांच्या संदर्भात त्या निष्कर्षांची उपयुक्तता तपासणे.

क्षार येतात कोठून?

पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. ते हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते आणि खडकातून झिरपताना त्यातील खनिजे विरघळविते. दख्खनच्या पठारावरील काळा बसाल्ट खडक अशा रीतीने झिजतो, तेव्हा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट ही द्रव्ये उतरतात. नदीचे गोडे पाणी हे अशा प्रकारे अत्यल्प क्षार असलेले पाणीच होय. एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम क्षार असले, तर जिभेला त्यांची जाणीवही होत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती २,००० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य धरली जाते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असते.

पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. सेंद्रिय प्रदूषक जिवाणूंमुळे विघटित होतात, गाळ तळाशी बसतो, परंतु सोडियम व क्लोराइड यांसारखे क्षार नष्ट होत नाहीत. ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात एवढेच. म्हणून क्षारतेचा प्रश्न हा मुळात आवक आणि जावक यांचा, म्हणजेच ताळेबंदाचा प्रश्न आहे.

क्षारांचा ताळेबंद

एखाद्या तलावात दरवर्षी १०० एकक पाणी येते आणि त्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे मानू. तलावातील पाण्याची सरासरी पातळी स्थिर राहते असे धरल्यास, बाष्पीभवन आणि प्रत्यक्ष बहिर्वाह यांची बेरीज १०० एकक असेल. बहिर्वाहात सांडव्यावरून जाणारे, कालव्यातून सोडलेले आणि जमिनीत झिरपून निघून जाणारे असे सर्व पाणी येते. समतोल अवस्थेत जेवढे क्षार येतात तेवढेच बाहेर गेले पाहिजेत. त्यावरून पुढील आकडे मिळतात.

बाष्पीभवन २०, बहिर्वाह ८० : तलावातील क्षार लिटरला २५० मिलिग्रॅम.
बाष्पीभवन ५०, बहिर्वाह ५० : ४०० मिलिग्रॅम.
बाष्पीभवन ८०, बहिर्वाह २० : १,००० मिलिग्रॅम.
बाष्पीभवन ९५, बहिर्वाह ५ : ४,००० मिलिग्रॅम.

बहिर्वाह शून्य झाल्यास समतोल येतच नाही आणि क्षारता सतत वाढत राहते. या गणितातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, येणारे पाणी कितीही गोडे असले तरी बहिर्वाह नसल्यास तलाव कालांतराने खारा होतो. दुसरी अशी की, अत्यल्प बहिर्वाहदेखील अत्यंत मोलाचा असतो. शून्यावरून पाच टक्के बहिर्वाह करणे म्हणजे अमर्याद वाढीला मर्यादा घालणे होय.

आफ्रिकेतील चाड सरोवर हे याचे बोलके उदाहरण आहे. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही आणि त्याचा परिसर अतिशय उष्ण व कोरडा आहे. तरीही त्याचे पाणी मोठ्या प्रमाणात गोडे आहे. कारण सरोवरातील पाण्याचा काही भाग तळातून भूजलात झिरपतो आणि क्षार आपल्याबरोबर वाहून नेतो. डोळ्यांना न दिसणारा हा बहिर्वाहच त्या सरोवराचा रक्षणकर्ता ठरला आहे.

लोणार : बसाल्टी पाण्याची अंतिम अवस्था

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्काघाताने बसाल्ट खडकात निर्माण झालेल्या विवरात वसले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरील धार व इतर झऱ्यांचे गोडे पाणी सरोवरात येते, परंतु तेथून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. परिणामी सरोवराचे पाणी खारे तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो.

येथील अल्कधर्मितेचे कारण माणदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. बसाल्टमधून आलेले पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, साक्याच्या रूपाने वेगळी होते. त्यामुळे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम घटते आणि सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड शिल्लक राहतात. लोणारच्या काठावर पूर्वी जो खार गोळा केला जात असे, तो याच प्रक्रियेचा परिणाम होय. अवर्षणप्रवण दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडे सर्वत्र सापडतात. ते याच प्रक्रियेची पहिली पायरी आहेत आणि चोपण जमीन ही त्यापुढची पायरी आहे. माणदेशाचा खडकही बसाल्टच आहे. त्यामुळे तेथील पाणी जेथे अडून राहील व आटत जाईल, तेथे ते याच दिशेने वाटचाल करील, असे रसायनशास्त्राच्या आधारे म्हणता येते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा या सरोवराकडे संपूर्ण देशाचे लक्ष वेधले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे दिसून आले. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्याने हे सूक्ष्मजीव फोफावले होते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. येथे एक विवेक पाळणे आवश्यक आहे. लोणारचा खारेपणा ही त्याची नैसर्गिक ओळख असून तेथील दुर्मीळ जीवसृष्टी त्यावरच अवलंबून आहे. सांडपाणी किंवा अतिरिक्त गोडे पाणी येऊन ते सौम्य होणे हेच तेथील संकट ठरेल. म्हणजेच क्षारता सर्वत्र शत्रू असते असे नाही. जेथे माणसाच्या हस्तक्षेपाने गोड्या जलाशयाचे वा जमिनीचे स्वरूप बदलते, तेथेच ती कमी करण्याचा प्रश्न उपस्थित होतो.

क्षारता कमी करण्याचे मार्ग

वरील ताळेबंदावरून उपायांचे चार प्रकार पडतात.

१) गोड्या पाण्याची आवक वाढविणे : कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराचे पाणी पुरविणारे ओढे १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराकडे वळविण्यात आले. पुढील चार दशकांत सरोवराची पातळी मोठ्या प्रमाणात खालावली आणि क्षारता जवळजवळ दुप्पट झाली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९४ साली राज्याच्या जल नियंत्रण मंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत नेण्याचे बंधन घातले. पाण्याची उचल मर्यादित झाल्याने घसरण थांबली, परंतु ठरविलेली पातळी अद्याप गाठता आलेली नाही. बिघाड काही दशकांत होतो, दुरुस्तीला मात्र त्याहून अधिक काळ लागतो.

२) जलाशयाचे विभाजन करणे : अरल समुद्रास मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर वळविले गेले. समुद्र आटून त्याचे तुकडे झाले. संपूर्ण समुद्र वाचविणे अशक्य आहे हे ओळखून कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ साली कोक-अरल बंधारा पूर्ण केला व उत्तरेकडील लहान भाग वेगळा केला. सिर दर्याचे पाणी त्या भागात साठून पातळी वाढली, क्षारता घटली आणि नाहीसे झालेले मासे परतले. दक्षिण भागाची क्षारता मात्र समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट झाली. एक भाग वाचविण्यासाठी दुसऱ्या भागावर पाणी सोडण्याचा हा कठोर निर्णय होता. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमध्येही १९५९ साली पूर्ण झालेल्या रेल्वेमार्गाच्या भरावाने सरोवराचे असेच दोन भाग पडले. उत्तरेकडील अतिखारे पाणी दक्षिण भागात येऊ नये म्हणून अलीकडच्या काळात या भरावातील मार्गाची उंची नियंत्रित करण्यात आली.

३) क्षारांची जावक वाढविणे : सर्वांत मूलगामी उपाय हाच आहे. खारे पाणी नाल्याने अथवा पंपाने बाहेर काढणे, स्वतंत्र बाष्पीभवन तळ्यांत ते आटवून मीठ वेगळे करणे, किंवा विक्षारण प्रक्रियेने पाणी व क्षार वेगळे करणे हे त्याचे प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खोऱ्यात खारे भूजल नदीत उतरण्यापूर्वीच उपसून बाष्पीभवन तळ्यांत नेले जाते. या सर्व उपायांत अखेर एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे वेगळे केलेले मीठ ठेवायचे कोठे? विक्षारण संयंत्र क्षार नाहीसे करीत नाही, तर त्यांना थोड्या पाण्यात एकवटते.

४) क्षारांची आवक कमी करणे : कॅलिफोर्नियातील सॉल्टन सी हा जलाशय १९०५ ते १९०७ या काळात कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून खोलगट प्रदेशात शिरल्याने निर्माण झाला. पुढे तो शेतीच्या निचऱ्याच्या पाण्यावरच जगला. हे पाणी शेतातील क्षार घेऊनच येत होते व त्यास बाहेर पडण्यास वाट नव्हती. आज त्याचे पाणी समुद्राहून बरेच अधिक खारे आहे. समुद्राचे पाणी कालव्याने आणण्याच्या अनेक योजना मांडल्या गेल्या, परंतु २०२२ साली एका स्वतंत्र समितीने अशी आयात न करण्याची शिफारस केली. येथे एका प्रदेशाच्या शेतीचा निचरा हीच दुसऱ्या जलाशयाची क्षारांची आवक ठरली, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काही उपायांविषयी समाजात गैरसमज आहेत. तुरटी टाकल्याने गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत. जिप्समने जमिनीतील सोडियमची जागा कॅल्शियम घेते व मातीची घडण सुधारते, परंतु सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला नाही तर लाभ टिकत नाही. क्षारसहिष्णू वनस्पती थोडे क्षार शोषतात, तथापि दरवर्षी येणाऱ्या क्षारांच्या मानाने ते प्रमाण अल्प असते. निर्गमनास पर्याय नाही, असे या सर्व उदाहरणांवरून म्हणावे लागते.

माणदेशातील तलाव

माणदेशातील तलावांची परंपरा मोठी आहे. म्हसवडनजीकचा राजेवाडीचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळनिवारणाच्या विचारातून ब्रिटिश राजवटीत माणगंगेवर बांधला गेला. त्याशिवाय पिंगळी, राणंद, आंधळी असे तलाव या परिसरात आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी हे तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहते, तर दुष्काळात त्यांचा तळ उघडा पडतो.

ताळेबंदाच्या दृष्टीने पाहता, सांडव्यावरून पाणी वाहते ते वर्ष म्हणजे तलाव धुऊन निघण्याचे वर्ष होय. सलग तीन-चार वर्षे सांडवा कोरडा राहिल्यास त्या काळात तलाव व्यवहारतः बंदिस्त जलाशयच बनतो. तळातील झिरपा हा त्याचा एकमेव बहिर्वाह उरतो आणि त्याबरोबर जाणारे क्षार धरणाखालच्या विहिरींत उतरतात. म्हणून ‘पाणी वाहून वाया गेले’ हा वाक्प्रयोग दुष्काळी मनाला कितीही स्वाभाविक वाटला, तरी शास्त्रीयदृष्ट्या तो अपुरा आहे. सांडव्यावरून गेलेल्या पाण्यातील काही भाग प्रदेशाचे क्षार घेऊन जाण्याचे कार्य करीत असतो. जलसंधारणाच्या कामांनी भूजल वाढते व त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक ओढ्यातील प्रत्येक थेंब कायमचा अडविणे हे उद्दिष्ट मानल्यास क्षारांसाठी वाटच शिल्लक राहणार नाही.

नवे पाणी आणि नवा प्रश्न

गेल्या काही वर्षांत माणदेशाच्या जलचित्रात मोठा बदल होत आहे. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते आटपाडी, कवठे महांकाळ, सांगोला या तालुक्यांकडे नेणारी टेंभू उपसा सिंचन योजना, उरमोडी प्रकल्पाचे पाणी खटाव-माणकडे नेणारी योजना, आणि जिहे-कठापूर योजनेद्वारे नेर तलावातून आंधळीकडे येणारे पाणी या तीन मार्गांनी दुष्काळी पट्ट्यात कृष्णा खोऱ्याचे पाणी पोहोचू लागले आहे. पिढ्यान्पिढ्या टँकर व चारा छावण्या पाहिलेल्या प्रदेशासाठी ही घटना ऐतिहासिक आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि पाण्याबरोबर क्षार येतात. लिटरला केवळ २०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी एका हेक्टरला वर्षभरात एक मीटर खोलीइतके दिले, तर १०,००० घनमीटर पाण्याबरोबर दोन टन क्षार त्या शेतात येतात. उसासारख्या पिकास याहून अधिक पाणी दिले जाते. वीस वर्षांत ही आवक ४० टनांवर जाते. अधिक पावसाच्या प्रदेशात पावसाळी पाणी यातील बराच भाग धुऊन नेते. ५०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, विशेषतः भारी काळ्या जमिनीत, ही धुलाई अपुरी पडते. अशा वेळी शेतजमीन हीच बहिर्वाह नसलेल्या तलावासारखी वागू लागते.

हे भाकीत केवळ तात्त्विक नाही. माणदेशाच्या उत्तरेस, शंभूमहादेवाच्या रांगेपलीकडे नीरा खोरे आहे. तेथे कालव्याचे पाणी आल्यानंतर काही दशकांतच जमिनी खारवटू लागल्या. हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास केला व तो १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध झाला. माणदेशाच्या दक्षिणेस कृष्णा-वारणा काठी तर हा प्रश्न अधिक व्यापक आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा, तासगाव, पलूस या तालुक्यांत आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे अमर्याद पाणी दिल्याने भूजल वर आले, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर आले आणि सुपीक जमिनी पांढऱ्या पडल्या. ‘मीठ फुटले’ हा तेथील शेतकऱ्यांचा शब्द या संपूर्ण प्रक्रियेचे अचूक वर्णन करतो.

या जमिनी सुधारण्यासाठी भूमिगत निचरा प्रणालीचा अवलंब करावा लागला. सच्छिद्र नळ्या जमिनीखाली ठराविक अंतरावर गाडून खारे पाणी ओढ्यात सोडले जाते. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने यासंबंधी महत्त्वाचे कार्य केले आहे. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र येऊन निचऱ्याची कामे करू लागले. हा उपाय प्रभावी आहे, परंतु खर्चिक आहे. एकट्या शेतकऱ्यास तो साधत नाही, कारण खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधातूनच न्यावे लागते.

माणदेशासाठी उपाययोजना

१) सिंचन व निचरा यांचे एकत्र नियोजन : कालवा किंवा नलिका ज्या गावी पोहोचते, त्या गावातील ओढे-नाले त्याच वेळी मोकळे केले पाहिजेत. नैसर्गिक नाल्यांवरील अतिक्रमणे व भराव हा भावी क्षारतेचा पाया ठरतो.

२) पीकपद्धती : ज्वारी, बाजरी, कडधान्ये व डाळिंब यांसारख्या कमी पाण्याच्या पिकांस प्राधान्य दिल्यास पाण्याबरोबर येणारे क्षारही कमी होतात. ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते. मात्र ओल्या भागाच्या कडेस क्षार साठत असल्याने अधूनमधून धुलाईचे पाणी देणे आवश्यक असते.

३) धुलाईचा हिशेब : मुळांच्या थराखाली क्षार नेण्यासाठी किती जादा पाणी लागते, याचे एक सर्वमान्य सूत्र आहे. पाण्याची विद्युतवाहकता भागिले, पिकास सोसणाऱ्या मातीच्या विद्युतवाहकतेच्या पाचपटीतून पाण्याची विद्युतवाहकता वजा केलेली संख्या, असे ते सूत्र आहे. उसाची सहनमर्यादा १.७ डेसिसायमन्स प्रति मीटर धरल्यास ०.५ वाहकतेच्या पाण्यासाठी सुमारे ६ टक्के जादा पाणी पुरते. तेच पाणी तलावात आटून १.५ वाहकतेचे झाल्यास सुमारे २१ टक्के लागते. पाणी तिप्पट खारे झाले की धुलाईची गरज साडेतीन पटींच्या जवळ जाते. म्हणून पाणी तलावात दीर्घकाळ आटू देण्यापेक्षा ते वेळेवर वापरणे हितावह ठरते.

४) तलावांतील अदलाबदल : उपसा योजनेचे पाणी तलावात सोडताना तळाशी उरलेले आटलेले पाणी शक्य असेल तेव्हा आधी खाली सोडावे. काही वर्षांतून एकदा तरी तलाव सांडव्यापर्यंत भरून वाहू देण्याची तरतूद पाणीवाटपातच असावी.

५) खालच्या भागाचा विचार : माणदेशातून बाहेर जाणारे क्षार अखेरीस सांगोला, मंगळवेढा व भीमाकाठच्या गावांकडेच जाणार आहेत. सॉल्टन सीचे उदाहरण येथे पुन्हा लागू पडते. त्यामुळे खारे पाणी पावसाळी प्रवाहाबरोबर, सौम्य स्वरूपात सोडण्याचा नियम असणे न्याय्य ठरेल. क्षारांची आवकच कमी ठेवणे हा यातील सर्वांत न्याय्य उपाय होय.

६) महाविद्यालयांची भूमिका : क्षारता ही मापण्यास अतिशय सोपी गोष्ट आहे. विद्युतवाहकता मापक काही हजार रुपयांत उपलब्ध होतो व एक डेसिसायमन प्रति मीटर म्हणजे लिटरला अंदाजे ६४० मिलिग्रॅम क्षार असा ढोबळ हिशेब करता येतो. रसायनशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आंधळी, पिंगळी, राणंद, राजेवाडी या तलावांचे आणि त्यांच्या खालील निवडक विहिरींचे मापन दरवर्षी नोव्हेंबर, फेब्रुवारी व मे महिन्यांत केल्यास दहा वर्षांत या प्रदेशाचा स्वतःचा विश्वसनीय आलेख तयार होईल. त्याचबरोबर सामू व सोडियमचे प्रमाणही पाहिले पाहिजे, कारण बसाल्टी प्रदेशात केवळ एकूण क्षारांवरून चोपणपणाचा अंदाज येत नाही. मातीच्या बाबतीत संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन्सच्या वर गेल्यास जमीन क्षारयुक्त समजली जाते, तर विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण मानली जाते. या मर्यादा ओलांडण्यापूर्वीचा चढ ओळखणे हेच अशा मापनाचे खरे प्रयोजन आहे.

निष्कर्ष

१. जलाशयाची क्षारता ही येणाऱ्या पाण्याच्या गोडेपणापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते.

२. क्षार नष्ट करता येत नाहीत. ते केवळ हलविता येतात. म्हणून प्रत्येक उपायाच्या बाबतीत ‘हे क्षार शेवटी कोठे जाणार?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

३. अरल, मोनो व सॉल्टन सी यांच्या अनुभवावरून असे दिसते की, एकदा वाढलेली क्षारता पूर्ववत करण्यास प्रचंड खर्च व दीर्घ काळ लागतो, आणि अनेकदा अंशतःच यश मिळते.

४. बसाल्टी प्रदेशातील आटणारे पाणी सोडियमयुक्त व अल्कधर्मी होत जाते. लोणार ही त्याची टोकाची अवस्था असून चोपण जमीन ही त्याच मार्गावरील अवस्था आहे.

५. माणदेशात पाणी येण्याचा काळ हाच निचऱ्याचे नियोजन करण्याचा काळ आहे. नीरा व कृष्णा खोऱ्यांनी जमिनी गमावल्यानंतर जे ज्ञान मिळविले, ते माणदेशास आयतेच उपलब्ध आहे.

माणदेशाने आजवर पाण्याच्या अभावाशी झुंज दिली. यापुढील काळात त्यास पाण्याच्या वापराची शिस्त अंगीकारावी लागेल. पाण्यास येण्यासाठी जसा मार्ग केला, तसाच क्षारांना जाण्यासाठीही मार्ग ठेवला, तरच उपसा योजनांचे पाणी पुढील पिढ्यांनाही वरदान ठरेल.